ब्याऐंशिव्या मिनिटाची शिट्टी

"उठा, जावईबापू, उठा! गर्दी फुटायच्या आत स्टॉप गाठायचा हाय!"

माझे सासरे उभे राहून ओरडत होते. ते ओरडतात म्हणजे काय, हे ऐकल्याशिवाय कळायचं नाही. अकोल्याच्या बस स्टँडवर या माणसाने वाहतूक नियंत्रक म्हणून अख्खी नोकरी काढली. लाउडस्पीकर बंद पडला तर प्रवाशांच्या लक्षातसुद्धा यायचं नाही, असा आवाज. तो आवाज जर्मनीतल्या येना गावच्या फुटबॉल मैदानात घुमला. गाव तीन-शून्यने मागे होतं, आठ मिनिटं उरली होती आणि सगळी गर्दी मुकी झाली होती. पलीकडच्या गॅलरीतल्या लोकांनीही माना वळवल्या. कोणीतरी मेलंय असं त्यांना वाटलं असणार.

"बाबा, बसा खाली. आठच मिनिटं राहिलीत."

"काय होते आठ मिनिटांत? तीन खाल्ले यांनी. चौथा खातीन आन् घरी जातीन. आपण काऊन थांबायचं? हे एवढं पब्लिक एकदम सुटलं म्हणजे पाय ठेवायला जागा नाही भेटणार."

मला आजही, हे लिहिताना, राग येतो. साधा राग नाही. कानाच्या पाळ्या तापतात, इतका. त्या दिवशी तेवढा आला असता तर निदान कान तरी थंडीतून वाचले असते.

तर आधी सांगतो, आम्ही तिथे बसलो कसे.

मी येनाला एका संस्थेत पीएचडी करत होतो. भिंगं, लेझर, असला कारभार. माझ्या प्रयोगाला लागणारे धातूचे भाग आमच्या वेर्कश्टाटमध्ये, म्हणजे संस्थेच्या वर्कशॉपमध्ये, तयार व्हायचे. तिथला मास्टर साठीचा, बुटका, बोलायला महाग. माझ्या प्रबंधातला अर्धा भाग त्याच्या लेथवर झाला असं मी म्हटलं तर माझे प्राध्यापक चिडतील, पण ते खरं आहे. मी काढलेलं ड्रॉइंग तो दहा मिनिटं बघायचा, मग नाकातून श्वास सोडून म्हणायचा, "आल्झो, हेर डॉक्टर, हे असं पृथ्वीवर बनत नाही." मी अजून डॉक्टर झालो नव्हतो. ते त्यालाही माहीत होतं. म्हणून तर म्हणायचा.

मास्टरची मैदानात एक कायमची खुर्ची होती. शेजारची खुर्ची त्याच्या भावाची. पूर्व आणि पश्चिम जर्मनीतली सीमा उघडल्यावर भाऊ नोकरीसाठी हॅनोव्हरला गेला तो तिकडचाच झाला. मास्टरने खुर्ची सोडली नाही. दर मॅचला भावाच्या खुर्चीवर स्वतःचा थर्मास ठेवायचा. त्या थर्मासला उठवायची हिंमत गावात कोणाची नव्हती.

त्या हिवाळ्यात कपच्या सामन्यात आमच्या गावच्या क्लबसमोर पश्चिमेकडचा एक बलाढ्य क्लब आला. आमचा क्लब म्हणजे गोलकीपर शनिवारी गोल अडवणार आणि सोमवारी पोस्टात पार्सलं उचलणार, असला. गावात तीन आठवडे दुसरा विषय नव्हता. आणि नेमकं मास्टरच्या गुडघ्याचं ऑपरेशन मॅचच्या आदल्या दिवसावर आलं. तारीख बदलून मिळेना. त्याने मला वेर्कश्टाटमध्ये बोलावलं, दोन्ही तिकिटं माझ्या हातात दिली, गळ्यातला क्लबचा जुनाट स्कार्फ काढून माझ्या गळ्यात घातला आणि जन्मात बोलला नव्हता एवढं एका दमात बोलला.

"तुम्ही माझे डोळे. मी रेडिओ ऐकणार नाही, पेपर बघणार नाही, नर्सला ताकीद देणार. सोमवारी तुम्ही या आणि पहिल्या मिनिटापासून सांगा. शेवटच्या शिट्टीपर्यंत हलायचं नाही. हे नीट केलंत तर पुढच्या सीझनपासून मी थर्मास खाली ठेवीन."

गंमत वाटते ना? मला वाटली नाही. तीन वर्षं मी त्या गावात राहत होतो. सुपरमार्केटमधल्या बाईला माझं तोंड पाठ होतं, पण गुटन टाख या नमस्काराच्या पलीकडे गाडी जात नव्हती. आणि इथे एक माणूस मला सख्ख्या भावाची खुर्ची देत होता. मी मनातल्या मनात त्या खुर्चीवर गृहप्रवेशसुद्धा केला.

दुसरं तिकीट सासऱ्यांना. ते नुकतेच तीन महिन्यांसाठी आले होते आणि घरात बसून आमच्या ट्रामचं वेळापत्रक पाठ करत होते. खिडकीतून ट्राम दिसली की घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, "दोन मिनिटं लेट. बोंबला." माझी बायको म्हणाली, "घेऊन जा रे बाबांना, तेवढाच त्यांना बदल." तिनेच म्हटलं. हे मी तिला दर वर्षी आठवण करून देतो.

आता थंडी. थंडीबद्दल मी काहीही वाढवून सांगणार नाही. बोललेलं वाक्य तोंडातून निघून पुढच्या माणसाच्या पाठीवर आपटून खाली पडत होतं. बिअरवाला बिअर फोडून, तुकड्यांनी देत होता. माझ्या पुढच्या माणसाला पूर्वार्धात शिंक यायला लागली ती उत्तरार्धात आली. अकोल्याच्या उन्हात पिकलेले माझे सासरे दोन स्वेटर, त्यावर माझा ओव्हरकोट, बुटांत जर्मन वर्तमानपत्रं आणि डोक्याला माकडटोपी असे बसले होते. त्यातून फक्त डोळे आणि मिशा बाहेर, आणि मिशांना बर्फ. त्यांनी आणलेला चिवडा दाताखाली खड्यासारखा वाजत होता.

पण त्या थंडीतली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. रेफरीची शिट्टी गोठली. शिट्टीच्या पोटात जो छोटा मणी असतो तो अडकून बसला. उत्तरार्धात तो बिचारा गाल फुगवून फुंकायचा आणि आतून नुसती फुस्स हवा यायची. मग दोन्ही हात हलवून खेळ थांबवायचा. त्या मैदानात अर्धा तास शिट्टी म्हणून वाजलीच नव्हती.

आमच्या डाव्या हाताला एक म्हातारी बाई बसली होती. वीस वर्षं ती मास्टरच्या शेजारीच बसत होती. तिने गरम वाइनचा फ्लास्क सासऱ्यांपुढे धरला. सासऱ्यांनी हात जोडून नको म्हटलं आणि तिच्या हातावर चिवडा ठेवला. तिने तो खाल्ला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते गालावरच थांबलं. दोघांचं छान जमलं होतं.

आणि मग ब्याऐंशिवं मिनिट.

"बाबा, मी कबूल केलंय. शेवटपर्यंत बसायचं."

"कबूल काय केलं? मॅच पाहाचं ना? पाहिली. हरले. संपलं. माह्या नोकरीत मी एकदाही गर्दीत गाडी पकडली नाही. तुमच्या लग्नातून आम्ही जेवणाआधी काऊन निघालो होतो? सांगा! बसून गेलो की नाही आम्ही?"

खरं होतं. मुलीच्या लग्नातून हा माणूस स्वतः पहिल्या पंगतीआधी निघाला होता. वऱ्हाडी म्हणून आलेली अख्खी बस त्याने तासभर आधी हलवली. त्यात बायकोचे दोन मामा राहून गेले.

म्हातारीने मला विचारलं, "आता? तुम्ही आता निघालात?"

मी म्हटलं, "नाही, नाही. ते जरा पाय मोकळे करतायत."

सासरे तोवर पायऱ्या चढून वर दाराशी पोचले होते. तिथून त्यांनी मागे वळून पाहिलं. मी बसलेलाच. मग त्यांनी ओव्हरकोट उघडला, पहिला स्वेटर वर केला, दुसरा स्वेटर वर केला आणि बनियनच्या आतून, गळ्यातल्या काळ्या दोरीला बांधलेली पितळी शिट्टी बाहेर काढली. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी ती गळ्यात होती. अंघोळीलासुद्धा. छातीच्या उबेत ती तापलेली होती. तिच्यातला मणी टुणटुणीत होता.

फलाटावरून गाडी सोडतात तशी त्यांनी ती वाजवली. एक लांब, एक आखूड.

सगळं मैदान थिजलं. थिजलेलंच होतं, पण अजून थिजलं. त्या बलाढ्य क्लबचे दोन दांडगे बचावपटू अर्धा तास शिट्टीसाठी आसुसलेले होते. त्यांनी हात खाली सोडले आणि कमरेवर ठेवून उभे राहिले. आमच्या पार्सलवाल्याच्या टीममधला एक पोरगेला फॉरवर्ड मात्र थांबला नाही. बहुतेक त्याच्या कानावरून टोपी निघालीच नव्हती. त्याने चेंडू नेला आणि जाळीत टाकला.

हे मी पाहिलं का? नाही! त्या क्षणी हजारो लोक वळून माझ्या सासऱ्यांकडे बघत होते आणि सासरे बोटाने माझ्याकडे दाखवत होते. मला इतकी लाज वाटली की मी मान खाली घालून उठलो आणि मैदानाकडे पाठ करून पायऱ्या चढायला लागलो. अर्ध्या पायऱ्यांवर होतो तेव्हा मागे आरोळी उठली. वळलो तर चेंडू जाळीत, बचावपटू रेफरीच्या अंगावर धावलेले आणि रेफरी मान हलवतोय. स्वतः शिट्टी वाजवली नाही हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? गोल दिला.

"बाबा! गोल!"

"एकच ना? तीन-एक. चला."

आणि मी गेलो. इथेच पेन थांबतं माझं. मी गेलो. बत्तीस वर्षांचा घोडा, लेझरच्या गप्पा मारणारा, सासऱ्याच्या मागून गेलो. "बाबा, तुम्ही व्हा पुढे, मी येतो" एवढं वाक्य मराठीत आहे. मला येत होतं. पण सासरे म्हणजे सासरे, परक्या गावात, घसरडा बर्फ, ट्रामचं तिकीट कुठल्या मशिनमध्ये घालायचं हे त्यांना माहीत नाही. अशी सतरा कारणं मी तेव्हा स्वतःला दिली. खरं कारण एकच. माझे पाय गारठून गेले होते आणि मलाही वाटलं होतं की हरलेच आहेत.

ट्राम उभी होती. रिकामी, उबदार, दिवे लावलेली. सासरे खिडकीजवळच्या सीटवर बसले, मला शेजारी बसवलं, हातमोजे काढले आणि अशा समाधानाने आजूबाजूला पाहिलं की जणू ती ट्राम त्यांनी स्वतः घडवली होती.

"पाहा. आख्खी गाडी आपली."

तेवढ्यात मैदानाकडून दुसरी आरोळी आली. काचा थरथरल्या. ड्रायव्हरने पुढे रेडिओ लावलेला होता. तीन-दोन. मी उठलो. सासऱ्यांनी माझी बाही धरली.

"बसा. उठले तर सीट जाईन."

"कोण घेणार आहे सीट? अख्ख्या गाडीत आपण दोघं आहोत!"

"आता दोघं हाये."

तिसरी आरोळी आली तेव्हा ड्रायव्हरने रेडिओ बंद केला, दार उघडलं आणि तो गणवेशासह मैदानाकडे पळाला. ट्राम तशीच सोडून! जर्मनीत! या देशात माणूस रिकाम्या रस्त्यावर लाल दिव्यापुढे म्हातारा होतो, आणि हा ट्राम सोडून पळाला. मी दारात उभा राहिलो, एक पाय पायरीवर. सासरे आतून म्हणाले, "ड्रायव्हर गेला म्हणजे गाडी काही हलत नाही. निवांत बसा." आणि त्याच क्षणी चौथी आरोळी. ती मी ऐकली असं म्हणणं खोटं आहे. ती माझ्या पायाखालच्या लोखंडातून वर आली. चार-तीन.

अर्ध्या तासाने ड्रायव्हर परतला, पण एकटा नाही. सगळं स्टेडियम त्याच्या मागे होतं. माणसं माणसांच्या खांद्यांवर चढून आली. परकी माणसं एकमेकांचे मुके घेत होती. ट्राम इतकी भरली की दारं लागायला तीन स्टॉप जावे लागले. आणि त्या सगळ्या गाणाऱ्या, रडणाऱ्या, घामाने वाफाळलेल्या लोकांच्या मधोमध आम्ही दोघं, कमरेला पट्टा बांधल्यासारखे, सीटवर. माझ्या गळ्यातला स्कार्फ बघून एका दाढीवाल्याने माझं डोकं छातीशी धरलं आणि विचारलं, "पाहिलंस? पाहिलंस ना?"

मी म्हटलं, "या, या! गेनाऊ!" म्हणजे हो, हो, अगदी!

खोटं तिथून सुरू झालं.

घरी बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, बापाला चार शब्द सुनावेल. ती म्हणाली, "तुला काय बांधून आणलं होतं? उठायचं नव्हतंस." सासरे आत चहा पीत होते. त्यांना ऐकू गेलं असणार, पण त्यांनी फक्त साखर कमी असल्याचं सांगितलं.

सोमवारी सकाळचा पेपर मी तोंडी परीक्षेला बसावं तसा पाठ केला. कोणी पास दिला, कुठल्या पायाने मारला, चेंडू कुठल्या खांबाला लागून आत गेला. संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये गेलो. मास्टर कानात कापूस घालून पडला होता. खरंच कापूस. मला बघून त्याने तो काढला, काळजीपूर्वक घडी करून टेबलावर ठेवला आणि डोळे मिटले.

"आल्झो. पहिल्या मिनिटापासून."

मी सांगितलं. काय सांगितलं म्हणून सांगू! पहिली ब्याऐंशी मिनिटं खरी होती, ती जरा फिकी झाली. पुढची आठ मी अशी सांगितली की पलीकडच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. शेवटच्या गोलला बर्फ उसळून आमच्या तोंडावर आला, मी उभा राहून इतका ओरडलो की माझी दातांतली चांदी सैल झाली, मी रडलो. मास्टरचे डोळे मिटलेलेच, पण पांघरुणाखाली त्याचा धड पाय प्रत्येक गोलला हलत होता. चार-तीन हे त्याने माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. जन्मभर वाट पाहिलेली गोष्ट त्याला मिळाली, आणि ती माझ्यासारख्याच्या हातून.

मग त्याने डोळे न उघडता विचारलं, "आणि आपली शेजारीण? तिने काय केलं?"

"ती? अहो, नाचली! माझ्या सासऱ्यांच्या गळ्यात पडली. त्यांची माकडटोपी स्वतःच्या डोक्यात घातली."

मास्टरने डोळे उघडले.

"ती आज सकाळी येऊन गेली. मॅचबद्दल एक शब्द काढायचा नाही, असं मी तिला बजावलं होतं. नाही काढला तिने. एवढंच म्हणाली की ब्याऐंशिव्या मिनिटाला शिट्टी वाजली, आणि तेव्हापासून तुझ्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या."

मी काहीतरी बोललो. वडीलधारी माणसं, थंडी, पायाला बधिरपणा. त्याने कापूस उचलला, बोटांत फिरवला.

"स्कार्फ वेर्कश्टाटमध्ये खुंटीला लावून ठेवा," तो म्हणाला.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझा एखादा भाग चुकवला असता, उशीर केला असता, तरी बरं. नाही. पुढची दोन वर्षं त्याने माझं प्रत्येक काम केसाच्या अंतरानेही न चुकता, वेळेच्या आधी करून दिलं. "हे पृथ्वीवर बनत नाही" मात्र परत म्हणाला नाही. पुढच्या सीझनला मी मुद्दाम समोरच्या बाजूचं तिकीट काढून बघून आलो. थर्मास खुर्चीवर होता.

आणि गाव! गावाचं तर विचारूच नका. त्या मैदानात जेवढी माणसं मावतात त्याच्या तिप्पट माणसांनी मला आजवर सांगितलंय की ते त्या दिवशी तिथे होते. थंडी पडली की हे सगळे उगवतात. कँटीनमध्ये, नाताळच्या बाजारात, न्हाव्याकडे. थंडी दर वर्षी दोन अंशांनी उतरते. आणि सगळ्यांच्या गोष्टीत ती शिट्टी असते. गॅलरीतून आलेली, बचाव थिजवणारी, गाव वाचवणारी शिट्टी. ती कोणी वाजवली? एक बेकरीवाला म्हणतो, मी. एक दातांचा डॉक्टर म्हणतो, मी, आणि खुर्चीत पडलेल्या पेशंटला तोंड उघडं ठेवून ऐकवतो. मी ऐकलंय, माझंच तोंड उघडं होतं. सगळ्यात कहर म्हणजे तो ट्रामचा ड्रायव्हर. बाजारात गरम वाइनचा कप उंचावून तो सांगत होता की पहिला गोल त्याने डोळ्यांनी पाहिला आणि शिट्टी त्याचीच. अरे, तू ट्राममध्ये होतास! मला माहीत आहे, कारण मी तुझ्या ट्राममध्ये होतो! माझ्या मुठी वळल्या. पण हे म्हणायचं तर मी ट्राममध्ये काय करत होतो तेही सांगावं लागलं असतं. मी कप उंचावला आणि प्रोस्ट म्हणालो.

चार वर्षांनी मे महिन्यात अकोल्याला गेलो. अंगणात कूलर लावलेला, पाच-सहा शेजारी जमलेले, आणि मधोमध सासरे. मी दारातून आत येताना ऐकलं. "तीन-शून्य! आठ मिनिटं राहिले! आम्ही बसेल होतो, बर्फात! आन् मग काय मॅच पलटली बाप्पा, डोळ्यांचं पारणं फिटलं!"

तिथे माझं डोकं फुटलं. पाव्हण्यांसमोर, उन्हात, बॅग हातात तशीच. "अहो बाबा, कोणाचं पारणं? आपण एक गोल तरी पाहिला का? माझी खुर्ची गेली तुमच्यापायी. मास्टर तुटला. त्याच्यापुढे खोटारडा ठरलो ते वेगळंच. तुमच्या शिट्टीवर दातांचा डॉक्टर मिरवतोय! आणि कशासाठी? ती ट्राम हललीसुद्धा नाही! अर्धा तास तिथेच! सगळं गाव आलं, मग हलली! काय मिळालं आपल्याला आधी निघून? सांगा ना, काय मिळालं?"

सासरे तांब्यातलं पाणी प्यायले, त्यांनी मिशा पुसल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

"पण बसून आलो का नाही?"